सहा नंबर

मार्चात लीग सुरू झाली तेव्हा गारा आडव्या येत होत्या.
चेंडू दोनदा समुद्रात गेला,
दोन्ही वेळा यौकुपने होडी घातली.
आम्ही हरलो.
मी सोळा शर्ट मोजून मशीनमध्ये टाकले,
सोळा काढले.

जुलैत युरोप आमच्या गावात आला,
इझमिरहून, पातळ जॅकेटं घालून.
फेरोच्या उन्हाळ्यातही कुडकुडला बिचारा.
शून्य-शून्य!
पाद्र्याने अवेळी घंटा बडवली,
डोंगरावरची मेंढरं चरायची थांबून खाली बघत राहिली.

परतीच्या सामन्याला मी गेले नाही.
रेडिओवर पाच गोल ऐकले. पाचही त्यांचे.
ट्रंक परत आली: पंधरा शर्ट
आणि एक परका, लालभडक,
आत कुणाचा तरी घाम, वर कसलंसं अत्तर.
‘अदलाबदल केली,’ ट्रोंडुर म्हणाला,
‘त्याने मिठी मारली, मग नाही कसं म्हणू?’
मिठीचा खर्च क्लबच्या कुठल्या खात्यात लिहू,
मी विचारलं. तो बुटांकडे बघत राहिला.

रात्री एका जुन्या शर्टाचा नऊ उसवला,
उलटा करून शिवला.
त्या सहावर तो ऑक्टोबरपर्यंत खेळला,
एका बाजूने शिवण उचकटलेली.

दहा संघांत आम्ही नववे आलो.
ट्रोंडुर म्हणतो, पेपर उलटा धर.

लाल शर्ट न्यायला तो आलाच नाही.
मी तो वेगळाच धुते.
अजून रंग सोडतो.