कानाचे थेंब

वहीत आहे सगळं.
पान सत्तेचाळीस. शेवंती केळुसकर, उभादांडा.
कानाचे थेंब, एक बाटली, बाकी.
खाली तेच. त्याखाली पुन्हा तेच.
तीन वर्षांत अकरा बाटल्या,
माझ्याच अक्षरात. अक्षर चांगलं आहे माझं.

मासळीची पाटी ती बाहेर पायरीवर ठेवायची,
काउंटरला ओला हात लागू नये म्हणून
लांबूनच बोलायची :
"चेडवाचो कान परत व्हावता. तेच थेंब दिया."
मी द्यायचो.
एकदा विचारलंही, वास येतो का?
"येता. पण आमका मासळेवाल्यांक
खयचो वास कळतलो?"
ती हसली. मीही हसलो.
तिथे मी थांबायला हवं होतं.

भार्गवी, वय आठ.
धक्क्यावरून उडी मारताना
कानातला कापसाचा बोळा काढून मैत्रिणीकडे देणारी,
वर आली की तोच पुन्हा कोंबणारी.
लिलावात बापाच्या पुढे उभं राहून ओरडायची :
मोरी, सौंदाळे, तांबोशी, पेडवे, करली!
एका टोपलीचं नाव चुकलं नाही कधी.

नारळी पौर्णिमा झाली आणि डोकं धरून बसली.
पित्त, म्हणाले. मग दृष्ट.
मीठ-मिरच्या चुलीत टाकल्या,
ठसका कोणालाच लागला नाही,
म्हणजे दृष्ट मोठी.
तापाचं औषध माझ्याकडूनच गेलं.
कान मात्र वाहायचा थांबला होता.
लागू पडले थेंब, असं मी शेवंतीला सांगितलं.

पाचव्या दिवशी शाळेत
बाईंनी पेन्सिल पुढे धरली, हे काय?
"ता... लिवचा..."
मग उलटी. मग उजवा हात उडायला लागला,
आणि थांबेना.

पत्रादेवीच्या नाक्यावर गाडी थांबली नाही.
बांबोळीत रात्री दीडला स्कॅन.
रक्त लागलं तर, असं सांगून मीही गेलो होतो.
डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला :
मेंदूच्या डाव्या अंगाला एक पांढरं कडं,
आत काळोख,
ओहोटीनंतर खडकात डबकं उरतं, तसं.
"कानातून हाड पोखरत गेलंय.
किती वर्षं वाहत होता?"
बाप माझ्याकडे बघायला लागला.
रागानं नव्हे.
हिशेब माझ्याकडे असतो म्हणून.

कवटीला भोक पाडलं. सुईतून
वीस मिली पू आला, दाट, हिरवट.
थेंबांची बाटली पाच मिलीची असते.

सहा आठवडे शिरेतून औषध,
मधे कानाचं ऑपरेशन.
दिवाळीला घरी आली, एका बाजूचे केस बोटभर.
उजवीकडून, वरून काही आलं,
चेंडू, कावळा, आईचा हात,
तर तिला उशिरा दिसतं.
आणि नावं गेलीत.
मासा ओळखते. भाव सांगते. कसा शिजवायचा तेही.
"ती... काटेवाली... आजयेक आवडता ती..."
गिऱ्हाईकं थांबतात. बोली थांबते.
माशा टोपलीवर बसतात, कोणी हाकलत नाही.
बाईंनी बजावलंय, सांगू नका, तिलाच शोधू द्या.

काल शेवंती दुकानात आली, पोरीला घेऊन,
पदराच्या गाठीत ओलसर नोटा.
"अकरा बाटल्यांची बाकी ऱ्हवली हुती."
नको म्हणायला तोंड उघडलं,
पण तिनं पैसे मोजून ठेवलेसुद्धा,
सुटे वेगळे, नोटा वेगळ्या.
मी वहीत लिहिलं : मिळाले.
अक्षर बिघडलं.

भार्गवी मान वळवून फळीकडे बघत होती,
बरोबर त्याच खणाकडे.
बोट वर केलं.
"ता..." म्हणाली. "ता..."

मी थांबलोय.