पाणसळ

डॉक्टर आल्मुट फेर्स्टे लोकांचे दात ओळीत आणतात.
मिलिमीटर त्यांच्या बोटांना कळतो
जसा सुगरणीला अळणीपणा, चव न घेता.

त्यांची पोर्शे ओल्या पाटीच्या रंगाची.
ती आम्ही पस्तीस मिलिमीटर खाली उतरवली.
जुन्या स्प्रिंगा गेल्या, आट्यांवर फिरणाऱ्या नव्या आल्या,
वीस इंची घडीव चाकं आली फोमच्या खोक्यांतून,
न वापरलेल्या भांड्यांचा थंड वास घेऊन.
मागच्या कमानीची आतली कड मी तापवली,
रोलर फिरवत, थांबत, पुन्हा तापवत दुमडली.
घाई केली की रंग तडकतो,
आणि तडकलेला रंग कोणाचं ऐकत नाही.
सेझाईने बोल्ट आवळले, एक सोडून एक,
प्रत्येक चाकाला पाच वेळा कट्.
मग कॉलर अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे.
चारही कमानींना टेप लावून
डेटलेफ पावलाक म्हणाला: सुतात आहे.

तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या,
दवाखान्यातली स्टीलची पट्टी पर्समध्ये.
"मागचं डावं. चार मिलिमीटर खाली."
आम्ही मोजलं. शून्य.
"माझ्या अंगणात चार."
आम्ही पुन्हा मोजलं. शून्य.
डेटलेफच्या मानेवर लाल चट्टे उठले.

तेव्हा सेझाईने, कुणी न सांगता,
फळीवरची पाणसळ काढली, धूळ मांडीला पुसली
आणि गाडीवर नाही, जमिनीवर ठेवली.
बुडबुडा हळूच सरकला,
वर्गातून न विचारता बाहेर जाणाऱ्या पोरासारखा.

डाव्या कोपऱ्यात आमची फरशी खचली होती.
आम्ही गाडी खचलेल्या जमिनीशी जुळवली
आणि गाडी तो खड्डा सोबत घेऊन गेली.

गेल्झेनकिर्शेनमध्ये याचं नवल नाही.
खाली कोळसा होता. तो वर काढला, जाळला,
त्याच्या जागी काही ठेवायचं कुणाला सुचलं नाही.
आता गाव बसतं,
खुर्चीत डुलकी लागलेल्या माणसासारखं, थोडं थोडं.
पंप रात्रंदिवस पाणी उपसतात.
थांबले तर चौकात बदकं येतील.
माझे आजोबा रोज नऊशे मीटर उतरायचे.
तेव्हा उतरण्याचे पैसे मिळायचे.
डॉक्टरबाईंनी पस्तीस मिलिमीटरचे मोजले
त्यात त्यांचे दोन हिवाळे निघाले असते.
हे मी बोलले नाही. पाना पुसत राहिले.

पितळी पत्रे कापले, एकावर एक रचले,
मोजणीच्या पाटांखाली सरकवत गेलो
बुडबुडा दोन रेघांमध्ये येऊन उभा राहीपर्यंत.
गाडी पुन्हा चढवली. कॉलर पुन्हा फिरवली.
डॉक्टरबाई पांढऱ्या पँटीनिशी गुडघ्यावर बसल्या,
मी ओणवी होऊन टॉर्च धरला,
पट्टी त्यांनी स्वतः लावली. चारही.
आणि उठता उठता विचारलं,
"पण माझं अंगण सपाट आहे, हे कुणी तपासलंय?"

डेटलेफ बिलाकडे बघत राहिला.
सेझाई हसला, मग त्याचा खोकला केला.
मी म्हणाले, पन्नास किलोमीटर झाले की या,
बोल्ट पुन्हा आवळावे लागतात.

फाटकाच्या गटारीवरून त्यांनी गाडी तिरकी घेतली,
एक चाक, थांबून दुसरं,
पुढचा ओठ जमिनीपासून दोन बोटं वर.
काही घासलं नाही.

पाणसळ आम्ही आता फळीवर ठेवत नाही.