‘नको’मधला न

रविवारी साडेदहाला, अशोक चौकातल्या रात्रशाळेत
लहान पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून
आम्ही सात जण बसतो.
नियम फळ्यावर कधी लिहिला नाही, पण एकच आहे :
दुसऱ्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही.
शब्द अडकून माणूस लाल होऊ दे,
मान झटकू दे, मांडीवर मूठ आपटू दे,
बसून राहायचं. पंख्याकडे बघायचं नाही.

त्या रविवारी पुण्याहून केतकी मॅडम आल्या.
भल्या बाई. चप्पल दाराशी काढली,
शेंगाचटणी घरी नेणार म्हणाल्या.
फॉर्मच्या झेरॉक्स माझ्याच दुकानातल्या,
म्हणून मी आधीच वाचला होता :
‘कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, माघार घेता येईल.’
कारण न सांगता. हे मला आवडलं.
कारणं सांगण्यातच आमची अर्धी हयात गेली.

रेकॉर्डर टेबलावर, लाल दिवा अजून बंद.
अंबुबाई वडनालनी विड्यांचं सूप बाजूला सारलं :
“अडखळण्याची गिनती झाल्यावर
आम्ही काय बोल्लो, ते बी लिवणार का?”
मॅडमनी ते वहीत टिपलं. खरंच टिपलं.

मग मल्लेशम गुंडेटी.
वय बासष्ट, चाळीस वर्षं टॉवेलच्या मागावर.
“काका, भाग घ्याल ना?”
“हो.”

आम्हा सहाही जणांना ठाऊक होतं.
मल्लेशमचा न निघत नाही.
‘नको’ नाही, ‘नाही’ नाही,
बायको नर्सव्वा, तिला ‘ए’ म्हणत संसार झाला.
तेलुगूतला ‘वद्दु’ तर ओठांवरच अडतो.
म्हणून साखर वाढलेली असून चहाला हो,
जादा पाळीला हो,
पतसंस्थेच्या माणसापुढे कुणाच्या तरी जामिनाला हो,
त्यात घराची पुढची खोली गेली.
पेठेत म्हणतात, देवमाणूस. कुणाला ना म्हणत नाही.

पेन फॉर्मकडे निघालं.
माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, सबंध, न अडखळता :
मॅडम, यांचा हो म्हणजे हो नव्हे.
पण ते वाक्य त्यांचं.
बोललो, तर जन्मभर त्यांच्या वतीने बोलणाऱ्यांत
आणखी एक मी.
गप्प राहिलो, तर फॉर्म खरा ठरतो.

अंबुबाईंनी विडीचा दोरा दाताने तोडला.
“मॅडम, सवाल उलटा करून पुसा.”
“म्हणजे?”
“उलटा. बस.”

मॅडम जरा थांबल्या. मग मल्लेशमकडे वळून,
“तुम्हाला यातून बाहेर राहायचंय का?”

“हो.”

तोच शब्द. या खेपेला मान वर.

मॅडमनी फॉर्मवर आडवी रेघ मारली.
मग पिशवीतला गठ्ठा काढला :
लातूर, सांगली, बार्शी,
ऐंशी-नव्वद फॉर्म, सगळ्यांवर बरोबरची खूण.
कडा बोटाने चाळत राहिल्या, बराच वेळ.
लाल दिवा त्या दिवशी लागलाच नाही.

गोष्ट इथे संपवता आली असती.
पण पुढच्या रविवारी मल्लेशम चिडून आले.
“स-स-सवाल उलटा... कशाला केला?
म... माझा न
म-मला काढायचा होता.”
अंबुबाई खाली बघत पानं कातरत राहिल्या.

चहावाला पोरगा आला. त्यालाही बाईंनी पढवलं होतं :
“राहू दे का, मामा?”
मल्लेशमनी हात वर केला.
“स... सरळ विचार, बे.”
“चहा घेणार का, मामा?”

तोंड उघडं. जीभ दातांमागे टेकलेली.
गळ्याची शीर वर आली आहे.
कपातल्या चहावर साय धरते आहे,
खाली पोराला कुणीतरी हाका मारतंय.
आम्ही बसलो आहोत.
पंख्याकडे कुणी बघत नाही.