चावीतला च

म्हापशाच्या बाजारात, चणेकारांच्या ओळीमागे
शाणू हळर्णकरची टपरी.
वर टांगलेले घोस: पितळी, लोखंडी,
अजून दात न आलेल्या किल्ल्या.
मी आले होते शाळेच्या कपाटासाठी,
उजवा हात झोळीत.
स्कूटर घसरली, हंसळीचं हाड मोडलं,
त्याला महिना होत आला.

माझ्या आधी एवारिस्त मिनेझिस.
सेमिनारीत चाळीस वर्षं लॅटिन शिकवलं, पाद्री न होता.
मुठीत वीतभर किल्ली, कडी झिजून कागदासारखी.
"अकरा प्रती," ते म्हणाले.
"घर एक, दार एक, वारस अकरा.
कोर्टाने सांगितलंय, प्रत्येकाला आत जाता आलं पाहिजे.
येणार कोणी नाही."

शाणूने किल्ली पकडीत आवळली, कानस उचलली.
दाढ दुखत होती, दाढेखाली लवंग.
"पयली करतां तिचेवयल्यान दुसरी करुंक ना हांव," तो म्हणाला.
"दर खेपेक मूळच जाय."
नाहीतर केसभर चूक पुढच्या प्रतीत उतरते,
आणि अकरावी कुठलंच दार ओळखत नाही.

मिनेझिस हसले. शिक्षक हसतो तसं,
म्हणजे आता तास सुरू.
"मूळ क्लाविस. त्याची कोणी जपून प्रत केलीच नाही.
सैनिकांनी केली, गाढववाल्यांनी, दायांनी,
एकाची ऐकून दुसऱ्याने.
मिलानच्या पुतणीकडे क्याव्हे झाली,
माद्रिदच्या भाच्याकडे याबे,
पॅरिसला घासून घासून क्ले, नुसतं डोकं उरलं.
बुखारेस्टला दिलेली आमची रोझालिना केये म्हणते.
आणि बघ, सगळ्या लागतात. आपापल्या दाराला."

"बार्सिलोनात क्लाउ. खिळाही क्लाउ."
मी म्हटलं, "आमच्यातही खिळा आणि किल्ली
कदाचित एकाच घरच्या."
ते क्षणभर थांबले. वहीत लिहून घेतलं.
मग शाणूच्या गालाकडे बोट:
"तुझ्या दाढेखाली आहे ना, तीही खिळाच.
पोर्तुगीजमध्ये क्रावु. खिळा, आणि लवंग."
शाणू म्हणाला, "दुखतां मात दांत."

"आणि लिस्बन?" मी विचारलं.
"लिस्बनला शाव. श.
पण गलबतं इथे लागली तेव्हा
त्यांच्या तोंडात च होता.
तो त्यांनी घासला, गुळगुळीत केला.
तुम्ही ठेवलात.
चावी. चहातला च, चावण्यातला नव्हे.
पाचशे वर्षांपूर्वीचा तो दात
माझ्या बहिणीच्या लिस्बनात नाही,
या टपरीवर आहे."

शाणूने लोखंडाचा कीस फुंकला.
मी वर टांगलेल्या घोसाकडे पाहिलं.
रोज तोंडातून जाणारी वस्तू
पहिल्यांदाच जड लागली.

निघताना त्यांनी माझी झोळी पाहिली.
"तेही तेच. क्लाविकुला. लहानशी किल्ली.
हात वर नेताना ते हाड
स्वतःभोवती फिरतं, किल्लीसारखं.
डॉक्टरने सांगितलं नाही?"
डॉक्टरने फक्त महिनाभर स्कूटर नको म्हटलं होतं.

तीन आठवड्यांनी पोस्टात भेटले.
दहा पाकिटं, दहा कस्टमचे कागद.
'वस्तूचे वर्णन' या रकान्यात
त्यांनी प्रत्येकाला ज्याची त्याची किल्ली लिहिली होती,
पॅरिसला एक, माद्रिदला एक, बुखारेस्टला एक.
खिडकीतल्या बाईंनी गठ्ठा परत ढकलला:
"हें कितें? एकाच भाशेंत बरय."
त्यांचा हात थरथरत होता. मी पेन घेतलं.
दहादा लिहिलं: चावी, एक नग.
वजन, बाईंनी तोलून सांगितलं ते.
किंमत: त्यांनी मान हलवली. मी शून्य मारलं.

काउंटर उंच होता.
गठ्ठा सरकवायला हात वर केला,
झोळी सुटल्यावर पहिल्यांदाच इतका वर,
आणि गळ्याखाली काहीतरी
फिरलं. थोडं अडकून. मग फिरलं.

"अकरावी?" मी विचारलं.
त्यांनी खिसा थोपटला.
"दाराला लागते. जरा उचलून लावावी लागते."