उभ्या बशा

डोरीन म्हणाली, बशी आडवी ठेवलीस की गेली.
उभी ठेव. कडेवर भार पेलते ती,
पोटावर नाही.

चौतीस वर्षं तिनं बर्स्लेमच्या कारखान्यात
परक्या घरांच्या कपबशा गवतात निजवल्या.
आता गवत नाही, कारखानाही नाही.
बाटलीच्या आकाराची एक भट्टी तेवढी उरलीय,
पोटात कबुतरं घेऊन,
आणि डोरीनचे हात.

मला ती 'डक' म्हणते. इथे सगळेच म्हणतात,
बसवालासुद्धा. पहिल्या वर्षी मी
घरी येऊन आरशात मान लांब करून पाहिली होती.

हेमाला सेट पाठवायचाय. चाळीसगावला.
सहा कप, सहा बशा, झाकणाची किटली,
निळी किनार. 'सेकंड'चा माल, म्हणून स्वस्त.
एका कपाच्या कानापाशी झिलईचा थेंब थिजलाय.
हेमा तो शोधणारच. लहानपणी
भाकरीतला खडाही तिलाच सापडायचा.

केळ्यांचा खोका नको, डोरीन म्हणाली,
त्याची कंबर आधीच मोडलेली असते.
नवा घे. त्याच्याबाहेर अजून एक.
मधल्या चार बोटांत कागदाचे बोळे, गच्च.
कपाच्या पोटातही बोळा,
उपाशी कप आधी फुटतो.
सुतळी बांधू नकोस, यंत्रात अडकते.
चिकटपट्टी फटीवर लांब, दोन्ही टोकांना आडवी.
आता हलव.

मी हलवला.
आत कुणीतरी काहीतरी बोललं,
अगदी हळू.

'उघड,' ती म्हणाली.
'बोलणारा खोका धड पोचत नाही.'

किटलीचं झाकण होतं. आणि माझी रद्दी संपलेली.
ती शेजारी आपल्या घरी गेली,
एक गठ्ठा घेऊन आली, घडी न मोडलेला.
वरचंच पान उचललं आणि थांबली.
मी वाकून पाहिलं: छोट्या चौकटींची रांग,
तिसऱ्या चौकटीत टोपी घातलेला विल्फ.
गेल्या मार्चमधला.

मी म्हटलं, राहू दे गं, मी टॉवेल आणते.
'टॉवेलानं वजन वाढतं,' ती म्हणाली.
मग पान हातात चुरगळलं, पुन्हा उलगडलं,
पुन्हा चुरगळलं. कडक कागद असाच मऊ करतात.
'कधी ब्लॅकपूलच्या पुढे गेला नाही माणूस.
झाकणाला गुंडाळ.
सगळ्यात नाजूक तेच असतं.'

या वेळी खोका गप्प राहिला.

पत्त्याला चार ओळी दिलेल्या.
हेमलता निकुंभ, दूध डेअरीवरून डावीकडे,
निळ्या गेटसमोर, वरचा मजला.
निळं गेट पाचव्या ओळीत गेलं.
मोबाइल नंबर घाल, पिनकोड ठळक,
वरून पारदर्शक पट्टी, पावसात शाई रडते.
आणि एक पत्ता आतही ठेव, डक.
बाहेरचा फाटलाच,
तर खोक्याला आपलं घर आठवायला हवं.

टपाल कचेरीत फॉर्म. आत काय? किंमत? भेट की विक्री?
चिनी मातीची भांडी. बावीस पौंड. भेट.
बोळ्यांसाठी रकाना नव्हता.
काउंटरवरच्या पोरानं 'नाजूक' असा लाल चिकटवला
आणि खोका मागे ढकलला,
खरोखर ढकलला.
डोरीननं डोळे मिटून घेतले.

सदतीस दिवसांनी हेमाचा फोन.
सगळं धड आलं. थेंब सापडला,
तो कप आता तिच्या नवऱ्याचा.
'आणि अगं, ते कागद टाकवेनात मला.
इस्त्री फिरवून ठेवलेत.
तिकडची हवा, जुन्या गाड्या, कुत्र्याची पिल्लं विकणे,
सगळं वाचतेय शब्दकोश घेऊन.
झाकणाला होता तो म्हातारा कोण गं,
टोपीतला?
छान हसतोय.'