मर्जीचा आकडा

महापेला, चौथ्या मजल्यावर,
माझ्याकडे एका देवाचं खातं आहे.
देवाला नाव नाही, मूर्ती नाही.
एक आकडा आहे फक्त, शून्य ते शंभर,
खेळणाऱ्याला कधीच न दिसणारा.
कोडमध्ये मी त्याला 'मर्जी' म्हणते.

देऊळ बांधलं, अधिक तीन.
दुष्काळात कोठारं उघडली, अधिक पाच.
शरण आलेल्याला कापलं, उणे नऊ.
आणि एक नियम मी कुणाला न विचारता घातला:
खाडीत भराव टाकला
तर दर फेरीला उणे एक, कायमचं.
झैद मुकादमने चाचणी करताना तो वाचला,
खाली माझं आडनाव वाचलं, वैती,
आणि 'ठीक' अशी खूण करून पुढे गेला.

रेगे सर म्हणाले, वर कोपऱ्यात पट्टी दाखव ना,
हिरवी, पिवळी, लाल.
कळू दे लोकांना, देव कुठवर भरलाय.
मी म्हटलं, सर, मग ती टाकी होईल.
सर हसले. पट्टीचं राहून गेलं.

खेळ बाजारात येऊन सात महिने झाले.
सांगलीचे एक गृहस्थ दर तिसऱ्या फेरीला
बकरा देतात, नेमाने,
आणि कळवतात की पाऊस चुकत नाही.
एकीने राजधानी डोंगरावर नेली,
देवाला वारा आवडतो म्हणे.
एक पोरगा लढाईआधी अख्खं सैन्य
नदीतून उलटं चालवतो.
त्याचा एकही किल्ला अजून पडलेला नाही.

परवा रात्री, दुसरंच काही शोधताना,
ती ओळ सापडली.
तिच्या पुढे दोन तिरक्या रेघा.
म्हणजे बंद.
माझ्याच हाताने बंद केलेली,
खेळ बाहेर पडायच्या आठवड्यात, एका तपासणीपुरती,
आणि मग विसरलेली.

मर्जी मोजली जात होती,
दर फेरीला, पै न पै.
पण पावसाला ती कुणी सांगतच नव्हतं.
पिकाला नाही, बंडाला नाही, पटकीला नाही.
पाऊस आपला फाशांवर पडत होता.
सांगलीचे बकरे फुकट गेले होते.
माझी खाडीसुद्धा.

झैदला दाखवलं.
चहा गार होईपर्यंत तो पडद्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, तेजल,
मला जाणवायचा गं तो.

रविवारी सारसोळ्याला बाबा
गावदेवीला कौल लावून बसले.
होडी विकू का ठेवू.
दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या,
उजवी पडली तर ठेव, डावी पडली तर वीक.
अर्धा तास. पाऊण तास.
वर पंखा चालू होता, मी बंद करायला उठले.
बाबा म्हणाले, रव दे,
वारापन तिचाच हाय.

पाकळ्या तशाच चिकटून.
बाबांनी हात जोडले, गुडघ्यावर हात टेकून उठले.
आज नाय बोलत ती. उंद्या येव.
रागाचं नाव नाही चेहऱ्यावर.
सरळ जेट्टीवर गेले
आणि होडीच्या फटींत डांबर भरत बसले.

सोमवारी मी त्या दोन रेघा काढल्या.
कुणाला सांगितलं नाही.
तीन ओळी तपासल्या, चौथी तपासली,
पाऊस आकड्याला जोडला गेला.

गुरुवारी सांगलीहून पत्र:
देव बदललात का तुम्ही?
आधीचा ऐकायचा.
सोबत त्यांच्या राज्याचा नकाशा,
उत्तरेला शेतं, मधोमध अकरा देवळं,
सगळ्यांना कळस,
आणि पश्चिमेला जिथे खाडी असायला हवी
तिथे सरळ रेषेत गोदामं.

उत्तर लिहायला घेतलं.
'भराव' एवढाच शब्द लिहिला.
खोडला.