पाणी उतरलेली बट

गंगापूर रोडला, जेहान सर्कलच्या जरा अलीकडे,
दुसऱ्या मजल्यावर केतकी बागूलची खुर्ची.
भाचीनं माझ्या नावानं पैसे भरून ठेवलेले,
परत मिळत नाहीत म्हणाली, म्हणून गेले.

"बालायाज," केतकी म्हणाली.
मी पुन्हा विचारलं. या खेपेला बालाजी ऐकू आलं,
हात जोडायचे तेवढे राहिले.

फॉइल नाही, टोपी नाही,
टोपीच्या भोकांतून सुईनं केस ओढणं नाही.
नुसता ब्रश. भिंतीला चुना फासतात तसा नाही,
रांगोळीची कड बोटानं जराशी पुसतो ना, तसा
बटेच्या अंगावरून हलका न्यायचा.
मुळाशी काळोख राहू द्यायचा.
खाली, जिथं ऊन पोचलं असतं
तुम्ही उन्हात बसला असता तर,
तिथंच रंग.

मी कधी बसले उन्हात?
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
ट्यूबलाइटखाली नोटांचे ताव तपासले.
शाई पुसट, बाजूला.
रेघ जाड, बाजूला.
शेजारच्यासारखा नाही तो ताव बाजूला.
घरी भाकऱ्या करतानासुद्धा
वाकडी भाकरी हात आपोआप वेगळी ठेवायचा,
ती मीच खायची.
आणि ही पोरगी सांगते,
"काकू, दोन बटा सारख्या दिसल्या तर माझं काम फसलं."

मग तिनं माझं मनगट खिडकीकडे वळवलं.
सलाइन लावणाऱ्या नर्सनंतर
माझ्या शिरा इतक्या लक्ष देऊन
पहिल्यांदाच कोणी बघत होतं.
"हिरवट आहेत. तुम्हाला मध चालेल,
फार तर गूळ. राख नको, चेहरा आजारी दिसेल."
राख मलाही इतक्यात नको होती.

"काळी मेंदी किती वर्षं लावताय?"
अकरा, म्हटलं.
सतरा. प्रमोशनच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री
पहिलं पाकीट कालवलं होतं, लोखंडी कढईत.
प्रमोशन मिळालं नाही. मेंदी राहिली.

तिनं ब्रश खाली ठेवला.
"मग पूर्ण डोकं आज नाही.
मेंदीच्या आत काय काय असतं, त्यावर हे पडलं
की केस कुठला रंग धरेल, मीही सांगू शकत नाही.
एकच बट बघू. कानामागची."

बट भिजली, गुंडाळली, आम्ही थांबलो.
तिच्या वडिलांची बाग वडनेर भैरवला, काळ्या द्राक्षांची.
"घडात पाणी उतरतं तेव्हा बघितलंय का तुम्ही?
सगळे मणी एकदम नाही रंगत.
एक जांभळा, त्याच्या शेजारचा हिरवाच,
एक नुसता लाजल्यासारखा.
मी हेच करते, काकू. क्लासला शिकले ते नंतर."
आमच्याकडे पाणी उतरवतात ते माणसाचं,
मी मनात म्हटलं. माझं सतरा वर्षांपूर्वी
तीन साहेबांनी मिळून उतरवलं होतं.

धुतल्यावर बट निघाली विटकरी.
मध नाही, गूळही नाही.
पंचवटीतल्या एखाद्या जुन्या कौलाचा रंग.
केतकीनं तोंड वाकडं केलं, मग हसली.
"अजून सहा महिने काही लावू नका.
पांढरे येऊ द्या. ते आले की
मला अर्धंच काम उरेल."
हे शोभतं का मला, मी विचारलं.
"ते पांढरे आल्यावर सांगते," म्हणाली,
आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

शालिमारला रिक्षा बदलली.
आत बसून कानामागची बट पुढे घेतली,
दोन बोटांत ताणली, उजेडासमोर धरली,
ताव धरायचे तशी.
वर काळी, मध्ये विटकरी,
टोकाला कुठेतरी खरंच जरासा मध.
कड पुसट. रेघ सरळ नाही.
हात सवयीनं डावीकडे निघाला होता.

नाशिकरोडला उतरताना रिक्षावाल्यानं सुटे मागितले.
पर्समध्ये वीसच्या दोनच नोटा,
एकीवर निळ्या पेनानं कुणाचा तरी फोन नंबर,
घडीवर शाई उडालेली.
त्यानं बघितलीसुद्धा नाही.
चालली.